परागकण उगवेनात, नुसते फुटायलेत

परभणीकर:
बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे, प्रोजेक्टला परागकण घेतलेत. सदाफुलीचे कण साखरेच्या पाण्यात टाकले की पाच मिनिटांत फुटायलेत, कण उगवला की त्यातून निघते ती नळी काही येईना. ज्वारीचं तर विचारूच नका. साखर घरच्या डब्यातली, दोन चिमट्या. पाणी बोअरचं. काय चुकायलंय?

तासिकावाला:
आधी बोअर सोड बाबा. त्यात कोणते क्षार किती, कुणाला ठाऊक! डिस्टिल्ड वॉटर घे. अन् चिमटी कसली, वजन कर. द्रावण पातळ असलं की कण पाणी ओढून फुगतो अन् फुटतो. साखर १० टक्क्यांपासून सुरू कर, फुटले तर १५. ब्रूबेकर आणि क्वाक यांचं १९६३ चं माध्यम वापर: त्या साखरेत लिटरला बोरिक ॲसिड १०० मिलिग्रॅम, कॅल्शियम नायट्रेट ३००, मॅग्नेशियम सल्फेट २००, पोटॅशियम नायट्रेट १००. बोरॉन अन् कॅल्शियमशिवाय नळी धड वाढत नाही.
स्लाइड ओल्या टिपकागदावर, झाकलेल्या पेट्रीडिशमध्ये ठेव. एप्रिलात लातूरला माझा थेंबच वाळला होता, साखरेचे खडे बघत बसलो!

रानातली:
ज्वारीचा नाद सोड सध्या. गवतवर्गातले परागकण तीनपेशी, लवकर मान टाकतात. तेरडा घे, सकाळचं ताजं फूल.

परभणीकर:
तेरड्याला नळ्या आल्या! अर्ध्या तासात. साखर मात्र डब्यातलीच, आईला सांगू नका.