विषय: घर खांबांवर उचलतोय, मेन स्विच कुठे ठेवू?

नमस्कार मंडळी,

टेक्ससच्या किनाऱ्यावर गॅल्व्हेस्टनमधलं आमचं जुनं घर पुरापासून वाचवायला पुढच्या महिन्यात दहा फूट उचलायचं ठरलंय. मीटर आणि मेन स्विच आज बाहेरच्या भिंतीवर छातीच्या उंचीला आहेत. एक कॉन्ट्रॅक्टर म्हणतो, ते खालीच राहू दे, गाड्या लावायच्या जागेला भिंत घालू तिच्यावर बसवू, खर्च वाचेल. दुसरा म्हणतो, घराबरोबर सगळं वर जाऊ दे, कधी लागलंच तर शिडी लावा. बाबा आमच्याकडे असतात, वय ७८. नियमात काय बसतं? परमिटचा अर्ज शुक्रवारी द्यायचाय.

गॅल्व्हेस्टनहून

-----

अरे, यातलं एकही बसत नाही. अर्ज थांबव.

वीजजोडणीतच आयुष्य गेलं म्हणून जरा सविस्तर लिहितो. पुराचा नियम म्हणतो, स्विच आणि ब्रेकर ठरवून दिलेल्या पूरपातळीच्या वर हवेत. एनईसी, म्हणजे अमेरिकेची वीजजोडणीची नियमावली म्हणते, मेन स्विच चटकन हाती आला पाहिजे, आणि त्या व्याख्येतच सुटी शिडी बाद होते. मुठीचा मध्य, हँडल सगळ्यात वर असताना, जास्तीत जास्त ६ फूट ७ इंचांवर. पण हे माप जमिनीपासूनच घ्यायचं असं नाही. उभं राहायला कायमचा प्लॅटफॉर्म असेल तर तिथून मोजतात. तुझ्या घराला जिना लागणारच आहे ना? त्याच्या वरच्या लँडिंगलगतच्या भिंतीवर स्विच घे. समोर ३ फूट मोकळी जागा, रुंदी किमान ३० इंच, आणि कठडा त्या मापाच्या बाहेर. जिना चढून जाणं चालेल की नाही हे शेवटी स्थानिक इन्स्पेक्टर ठरवतो, म्हणून आराखडा त्याला आधी दाखव.

स्विच घराच्या आत नेऊन सुटका नाही. एनईसीच्या २०२० च्या आवृत्तीपासून एक-दोन कुटुंबांच्या घरांना बाहेरून वीज तोडायची सोय सक्तीची आहे, अग्निशमनवाल्यांना जळत्या घरात शिरावं लागू नये म्हणून. टेक्ससमध्ये १ सप्टेंबर २०२३ पासून २०२३ ची आवृत्ती लागू झाली. तिच्यात या स्विचवर लाल पाटी, पांढरी अक्षरं.

आणि हे इलेक्ट्रिशियनला समोर बसवून विचार: बाहेरचा स्विच हाच सर्व्हिसचा, म्हणजे कंपनीची वीज घेणारा मुख्य स्विच झाला की आतला पॅनेल सबपॅनेल, म्हणजे त्याच्या हाताखालचा होतो. न्यूट्रल आणि अर्थिंग फक्त बाहेर एकत्र, आत दोन्ही पट्ट्या वेगळ्या, मधे चार तारा. जुन्या घरात मेनकडून पॅनेलला तीनच तारा गेलेल्या असतात. त्या तशाच ठेवल्या तर न्यूट्रलचा करंट अर्थिंगच्या वाटेने पाइपांत, उपकरणांच्या पत्र्यात उतरतो. बाबा घरात आहेत, इथे काटकसर करू नकोस.

काका, लीग सिटी

-----

काकांचं पटलं, फक्त त्या खालच्या भिंतीबद्दल सांगते. तुझं घर व्ही झोनमध्ये, म्हणजे पुरात लाटांचा मारा बसतो अशा किनारपट्टीत असेल तर खांबांमधली भिंत लाटेच्या जोराने सुटून जावी अशीच बांधतात. तिच्यावर विजेचं काहीही बसवायला मनाई आहे. आमचं बसवलेलं होतं. सप्टेंबर २००८ मध्ये आयक चक्रीवादळ आलं, भिंत गेली आणि तिने मीटरसकट केबल उपटून नेली. घर वर शाबूत होतं, पण आम्ही कितीतरी आठवडे अंधारात काढले. आपल्याकडे कोकणात जोतं उंच घेतात, तसं घर उंच केलं की झालं असं मला वाटायचं.

झोन एलेव्हेशन सर्टिफिकेटवर, म्हणजे घराच्या उंचीच्या दाखल्यावर लिहिलेला असतो. आणि मीटरची जागा वीज कंपनीकडून लेखी मंजूर करून घे, खांब रोवायच्या आधी.

गॅल्व्हेस्टनचीच एक ताई

-----

काका, ताई, मनापासून आभार. सर्टिफिकेट काढून बघितलं, व्ही झोनच आहे. अर्ज पुढे ढकलला. लँडिंग चार फुटांवरून सहा फुटांचं केलं, चार तारांचं कोटेशन मागवलं. बाबांना जिन्याला मधे एक टप्पा हवाय, तोही घालतोय. वीज कंपनीचा माणूस मंगळवारी जागा बघायला येतोय. काका, त्या वेळी फोनवर असाल का?