मुरुडशेंग लावलेल्यांनी अनुभव सांगा (सोलापूर जिल्हा)

बाळगुटीत उगाळायची ही पीळदार शेंग काष्ठौषधीच्या दुकानात सहज मिळते, पण तिचं झुडूप फार थोड्यांनी पाहिलेलं असतं. ते मूळचं पानगळीच्या रानातलं. सगळ्या शेंगा खुडून बाजारात गेल्या तर रानात बी पडणार कसं? आपल्याकडच्या कोरड्या हवेत ज्यांनी ती रुजवली, जगवली, त्यांनी जरूर लिहा.

जुळे सोलापूर:
मी बियांपासूनच रोपं करते. शेंग तपकिरी होऊन पीळ सैल पडू लागला की बी तयार. बी बारीक, कोनदार आणि इतकं टणक की पाणी आत शिरत नाही. दोन पॉलिश पेपरांमध्ये हलकं चोळायचं, मग गरम पाण्यात टाकून रात्रभर तसंच ठेवायचं. सकाळी टम्म फुगलेलं बी पिशवीत पेरायचं. जे फुगलं नाही ते पुन्हा चोळायचं. दुकानातल्या जुन्या शेंगांच्या भरवशावर राहू नका, ताजं बी मिळवा.

बार्शी तालुका:
काळ्या रानात लावूच नका. पावसाळ्यात पाणी धरतं, मुळं कुजतात. उन्हाळ्यात भेगा पडल्या की कोवळी मुळं तुटतात. आमची बांधावरच्या मुरमाड जागेत आहेत, मृगाच्या पावसावर लावलेली. पहिला उन्हाळा मात्र जिवावरचा असतो. पारा 42-43 अंशांवर गेला की रोपाला कडुलिंबाची सावली हवी, बुडाशी तुराट्या आणि पाचटाचं आच्छादन हवं. आणि पानं गळून नुसत्या काटक्या उरल्या म्हणून कुणी उपटू नका. पाऊस लागला की बुडापासून फुटतात.

होटगी रस्ता:
नळाला पाणी चार-पाच दिवसांआड, तरी माझी तगली! फूल उमलतं तेव्हा विटकरी लाल, जुनं होताना निळसर राखी. एकाच फांदीवर दोन्ही रंग असतात आणि शिंजीर दिवसभर चोच खुपसत असतो. औषध राहू दे, एवढ्यासाठीही लावावी.

पंढरपूर, वैद्य:
मुरडा, जुलाब यांवर शेंग देतात, पण बाळाला किती वळसे उगाळायचे ते वैद्यांना विचारूनच ठरवा. झाडावरच्या थोड्या शेंगा बियांसाठी राखा.

जुळे सोलापूर:
माझ्याकडे यंदा बी भरपूर धरलंय. संक्रांतीला सोलापुरात भरणाऱ्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला येणाऱ्यांनी रिकामी डबी घेऊन यावी.