वाचनालयातले सार्वजनिक संगणक: एका वाचकाचं दुसऱ्याला दिसू नये यासाठी काय करावं?

ग्रंथसखी

वाचकांसाठी सहा संगणक आहेत. सातव्या पिढीचे आय-थ्री, 8 जीबी रॅम, 240 जीबी एसएसडी, विंडोज 10. एक लेझर प्रिंटर. वापर मुख्यतः ऑनलाइन अर्ज, ईमेल, प्रिंट आणि थोडं मराठी टायपिंग. सध्या सगळ्यांना एकच खातं उघडून दिलंय. त्यामुळे आधीच्या माणसाचं मेल उघडंच राहतं आणि डाउनलोड्समध्ये लोकांची ओळखपत्रं पडून असतात. वेगळा तंत्रज्ञ नाही, जे काही बसवू ते ग्रंथपालाला सांभाळता यायला हवं. जाणकारांनी सुचवावं.

निळी_खिडकी

विंडोजवरच राहायचं तर डीप फ्रीझसारखं डिस्क गोठवणारं सॉफ्टवेअर घाला. कोणी काहीही उतरवो, बिघडवो, रीस्टार्ट केलं की मशीन होतं तसं. दोन गोष्टी मात्र आधीच लावून घ्या. एक, अपडेटसाठी रात्रीची ठरावीक वेळ, ज्यात डिस्क मोकळी असेल. नाहीतर मशीन रोज तीच अपडेट उतरवतं आणि रोज रीस्टार्टला पुसतं, इंटरनेट तेवढं खातं. दुसरं, संगणक डोमेनला, म्हणजे एका मध्यवर्ती सर्व्हरवरून चालणाऱ्या विंडोज नेटवर्कला, जोडलेले असतील तर मशीन दर 30 दिवसांनी आपला अंतर्गत पासवर्ड बदलतं. गोठवलेली डिस्क रीस्टार्टला जुना पासवर्ड परत आणते आणि सर्व्हर त्या मशीनला ओळखच देत नाही. हा बदल बंद करून मगच गोठवा.

पण तुमच्या मशीनची अडचण वेगळीच आहे. विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, आणि सातव्या पिढीचे आय-थ्री विंडोज 11 च्या यादीत बसत नाहीत. जिथे लोक बँकेचे पासवर्ड टाकतात तिथे अपडेट न येणारी सिस्टिम ठेवू नये.

पेंग्विनपंथी

@निळी_खिडकी, गोठवण्याबद्दल एक मुद्दा राहिला, आणि माझ्या मते तोच सगळ्यात महत्त्वाचा. डिस्क साफ होते ती रीस्टार्टला. दोन वाचकांच्या मध्ये रीस्टार्ट कोण करतं? सकाळी दहाचं मेल दुपारी तीनलाही उघडंच असतं. साफसफाई रीस्टार्टला नाही, वाचक उठला की व्हायला हवी.

@ग्रंथसखी, या मशीनवर लिनक्स मिंट, ही विंडोजऐवजी बसवायची मोफत सिस्टिम, उत्तम चालेल. 'लॉगिन विंडो' सेटिंगमध्ये गेस्ट सेशनला, म्हणजे पाहुण्याच्या तात्पुरत्या खात्याला, परवानगी द्या. गेस्टचं होम फोल्डर रॅममध्ये तयार होतं आणि लॉगआउट होताच नाहीसं होतं: कुकीज, डाउनलोड्स, सगळं. रॅममधली ही जागा साधारण निम्म्या रॅमइतकीच असते, म्हणजे तुमच्याकडे 4 जीबी. मोठे व्हिडिओ उतरवू देऊ नका.

मराठी कीबोर्ड, होमपेज, मोठी अक्षरं हे दर वेळी हवं असेल तर एक नमुना खातं बनवा, त्यात सगळं बसवा आणि त्याचं होम फोल्डर गेस्टच्या साच्यात, म्हणजे ईटीसी (/etc) या सिस्टिम फोल्डरमधल्या 'गेस्ट-सेशन' (guest-session) फोल्डरच्या आत 'स्केल' (skel) नावाने ठेवा. नमुना खात्यातून एकाही साइटवर लॉगिन करू नका. केलंत तर ते लॉगिन प्रत्येक वाचकाला आयतं मिळेल.

ग्रंथसखी

छान, हे जमेल असं वाटतं. पण लोक लॉगआउट न करताच उठतात. आणि प्रिंटचं काय? वेळेची मर्यादा कशी लावावी?

पेंग्विनपंथी

न करता उठणाऱ्यांसाठी 'एक्सऑटोलॉक' (xautolock) हा छोटा प्रोग्रॅम बसवा. नाव लॉकचं असलं तरी त्याला लॉकऐवजी सिनॅमन (मिंटचा डेस्कटॉप) सेशन सक्तीने संपवण्याची आज्ञा देता येते. साच्यातल्या ऑटोस्टार्टमध्ये टाका, वेळ 15 मिनिटं, त्याआधी 60 सेकंद सूचना. हे फक्त कीबोर्ड-माउसची हालचाल मोजतं, म्हणून 5 मिनिटं ठेवलीत तर व्याख्यान ऐकत बसलेला माणूस बाहेर फेकला जाईल. मिंटचं स्वतःचं स्क्रीन लॉक बंद ठेवा.

वेळेसाठी लिबकी आहे, मुक्त स्रोत. कोहा हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर वाचकाच्या कार्ड क्रमांकानेच लॉगिन होतं. सहा मशीनना मात्र टेबलावरची वही पुरते. वेळ 45 मिनिटं ठेवा आणि रांग नसेल तर वाढवून द्या. अर्धा भरलेला अर्ज वेळ संपली म्हणून उडाला की वाचकाची सगळी मेहनत वाया जाते.

प्रिंटकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. कप्स ही लिनक्सची प्रिंट व्यवस्था छापून झालेली फाइल मूळ सेटिंगला एक दिवस सांभाळून ठेवते, आणि फाइलच्या नावांची यादी त्यानंतरही राहते. 'प्रिझर्व्ह जॉब फाइल्स' आणि 'प्रिझर्व्ह जॉब हिस्टरी' दोन्ही 'नो' करा, प्रिंटर जोडलेल्या मशीनवर आणि सहाही संगणकांवर. प्रिंट आधी थांबून राहावं, ग्रंथपालाने सोडल्यावरच छापावं असं करता येतं, म्हणजे कुणाचा कागद ट्रेवर बेवारस पडत नाही. मग 'मॅक्स होल्ड टाइम' 3600 सेकंद ठेवा. न घेतलेली प्रिंट तासाभराने आपोआप रद्द होईल.

तारजोड

नेटवर्क आणि विजेचं सांगतो. वाचकांचे संगणक ग्रंथालयाच्या कामाच्या संगणकांपासून वेगळ्या व्हीलॅनवर, म्हणजे त्याच तारांवरच्या पण स्वतंत्र नेटवर्कवर, हवेत. कोहाचा सर्व्हर आणि हे सहा एकाच नेटवर्कवर असणं धोक्याचं आहे. अश्लील साइट रोखायला राउटरवर 1.1.1.3 हा डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारा सर्व्हर) घाला. पण फायरफॉक्स स्वतःचा एनक्रिप्टेड डीएनएस वापरून तो टाळू शकतो, म्हणून फायरफॉक्सच्या पॉलिसी फाइलमध्ये तो बंद करून कुलूपबंद करा. पासवर्ड जतन करायचा प्रश्नही तिथेच बंद होतो.

बायोसला (मशीन सुरू होतानाच्या मूळ सेटिंगला) पासवर्ड, बूट फक्त आतल्या डिस्कवरून. वीज गेल्यावर आपोआप सुरू होण्याची सोयही बायोसमध्येच असते. संगणकांना यूपीएस जरूर द्या, लेझर प्रिंटर त्यावर कधीही लावू नका. त्याचा फ्यूजर, म्हणजे शाई कागदावर पक्की करणारा गरम भाग, तापताना इतका करंट ओढतो की यूपीएस ट्रिप होतं आणि त्यावरचे संगणकही बंद पडतात.

पेनड्राइव्ह लावून-काढून पुढचे यूएसबी पोर्ट सगळ्यात आधी खिळखिळे होतात. प्रत्येक मशीनला एक छोटी यूएसबी एक्स्टेन्शन वायर कायमची लावून ठेवा, झिजली की तेवढीच बदलायची. आणि एखाद्या मशीनवर अचानक सगळ्या साइट सुरक्षित नाहीत असं दिसू लागलं तर आधी तारीख बघा. मदरबोर्डवरचा सीआर2032 हा बटणासारखा सेल संपला की घड्याळ मागे जातं आणि प्रमाणपत्रं अवैध ठरतात. एक सेल टेबलात असू द्या.

निळी_खिडकी

मिंट बसवायचं ठरलंच तर एक मशीन पूर्ण तयार करून क्लोनझिला या मोफत प्रोग्रॅमने त्याची इमेज, म्हणजे डिस्कची हुबेहूब प्रत, घ्या आणि उरलेल्या पाचांवर टाका. इमेज सगळ्यात लहान डिस्कच्या मशीनवरून घ्यायची. 240 ची इमेज 256 वर सहज बसते, उलट केलं तर क्लोनझिला नकार देतं. टाकून झाल्यावर प्रत्येक मशीनचं नाव बदला, नाहीतर प्रिंट कुठून आली तेच कळणार नाही.