हा दमा नव्हे
कुणीतरी लिहिलंय की एम्फिसीमा हा फुप्फुसांचा आजार म्हणजे म्हातारपणचा दमा, आणि तो विडी ओढणाऱ्यांनाच होतो. माझ्या आजीने विडी कधी हातात धरली नाही. यावलकडच्या आमच्या घरात चाळीस वर्षं चुलीत पऱ्हाट्या सारत तिने कळण्याच्या भाकरी थापल्या, तोच धूर भोवला. दम्यात आकसलेल्या श्वासनळ्या औषधाने बऱ्याच मोकळ्या होतात. एम्फिसीमात वायुकोशांच्या, म्हणजे फुप्फुसांतल्या हवेच्या बारीक फुग्यांच्या भिंतीच फाटतात, त्या परत जुळत नाहीत. हवा आत अडकते, म्हणून खरा त्रास श्वास सोडताना. आजी ओठांचा चंबू करून, फुंकणीत फुंकावं तशी हळूहळू श्वास सोडायची. डॉक्टरही हेच शिकवतात. धाप लागत असेल तर स्पायरोमेट्री, म्हणजे नळीत जोरात फुंकून करायची फुप्फुसांची तपासणी, कराच. नळ्या मोकळ्या करणारं औषध ओढल्यावरही, जोरात फुंकलेल्या एकूण हवेपैकी ७० टक्क्यांहून कमी हवा पहिल्या सेकंदात बाहेर आली, तर नळ्यांत कायमचा अडथळा समजतात.