मदत हवी आहे : ‘पान लागले’ यातील पान नेमके कोणते?

नमस्कार.

‘पान’ या शब्दाचे निरनिराळे अर्थ आणि त्यांची मुळे टिपून ठेवत असताना मी एका वाक्प्रचारापाशी अडलो आहे. त्यासाठी जाणकारांची मदत हवी आहे.

झाडाच्या पानाविषयी शंका नाही. संस्कृत ‘पर्ण’, प्राकृत ‘पण्ण’, मराठी ‘पान’ ही वाट ‘कर्ण, कण्ण, कान’ यासारखीच सरळ आहे. स्तनपान, मद्यपान यांतील ‘पान’ मात्र ‘पिणे’ या अर्थाच्या ‘पा’ धातूचे असून ते संस्कृतातून जसेच्या तसे घेतलेले आहे; ते प्राकृतातून झिजत आले असते, तर दोन स्वरांमधल्या एकट्या ‘न’चा ‘ण’ झाला असता, जसा ‘पानीय’चे ‘पाणी’ होताना झाला. तेव्हा रूप एक दिसले तरी हे शब्द दोन आहेत.

विड्याचे, पोथीचे आणि पत्त्यांतले पान पर्णाकडेच जाते. जेवणाचे पानही तिकडचेच. केळीची पाने आणि पळसाच्या पत्रावळी जाऊन घरोघरी स्टीलची ताटे आली, तरी ‘चला, पाने घेतली आहेत’ असेच आपण म्हणतो. ‘तोंडाला पाने पुसणे’ हा फसवणुकीचा वाक्प्रचारही, माझ्या समजुतीप्रमाणे, काही न वाढता रिकामे पानच तोंडावरून फिरवण्याच्या कल्पनेतून आला असावा.

खरी अडचण ‘पान लागणे’ म्हणजे साप चावणे, या ग्रामीण प्रयोगाची आहे. सापाचे नाव रात्री घेऊ नये म्हणून ‘जनावर’ किंवा ‘लांबडे’ म्हणण्याची रीत आहे, आणि बांगडी फुटली तरी ती ‘वाढवली’ असे म्हणणाऱ्या आपल्या भाषेला अशुभ टाळण्याची सवय जुनीच आहे. परंतु एवढ्याने नाव का टाळले ते कळते, त्याच्या जागी पानच का आले ते कळत नाही. नागाचा फणा पानासारखा रुंद असतो आणि विड्याच्या पानाची वेलही नागाच्याच नावाची, म्हणून हा शब्द आला असे म्हणता येईल. पण मग फणा नसलेल्या घोणसाच्या किंवा फुरशाच्या दंशालाही हाच शब्द का वापरावा? मला स्वतःला ‘लागणे’ हे क्रियापद अधिक बोलके वाटते. गवतातून जाताना पायाला पान लागले, त्यापलीकडे काही झाले नाही, असा धीर देण्याचा सूर त्यात असावा.

आपल्या भागात हा प्रयोग ऐकू येतो का, तो नागापुरताच वापरतात की कोणत्याही सापासाठी, आणि जुन्या पोथ्यांत, लोकगीतांत किंवा विष उतरवण्याच्या मंत्रांत तो कोठे आढळला आहे का, हे कृपया कळवावे. गावाचे किंवा तालुक्याचे नाव सोबत दिल्यास वापराचा पट्टा आखता येईल.