भोवऱ्यावर विरळ, कानावर राठ: केस कसे कापू?

नाशिककर: वय ३१. भोवऱ्यापाशी टाळू दिसायला लागलीय, कपाळाचे कोपरेही मागे गेलेत. कानावरचे केस मात्र राठ, आंघोळ झाली की ताठ उभे. वरचे लांब ठेवून जेलने एका बाजूला वळवतो, पण हेल्मेट काढलं की सगळं चपटं. वडील म्हणतात, सरळ मशीन फिरव. पुढच्या महिन्यात बहिणीचं लग्न आहे. काय करू?

सलूनवाला, सांगली: दादा, आधी जेल बंद करा. जेलने केसांच्या बटा होतात आणि मधली टाळू उघडी पडते, हॉलच्या लाइटखाली तर जास्तच. त्याऐवजी मॅट क्ले (केस बसवायची, चमक नसलेली पेस्ट) घ्या. वाटाण्याएवढी, तळहातावर पूर्ण चोळून, कोरड्या केसांना.

लांबी सोडा. विरळ केस लांब झाले की झोपतात. वर दीड इंच पुरे. बाजू भरगच्च असली की वरचं विरळपण डोळ्यांत भरतं, म्हणून बाजूला मशीनचा ३ नंबर (१० मिमी), कानाजवळ २ (६ मिमी). राठ केसांचा प्रश्न तिथेच मिटतो. भांग रेघेसारखा पाडू नका, बोटांनी पुढे घ्या. ड्रायर मंद ठेवून भोवऱ्याच्या उलट दिशेने फिरवा, केस मुळातून उचलले जातात.

एक कट आत्ताच करून बघा, दुसरा लग्नाच्या आठवडाभर आधी. माझ्याकडे खुर्चीत बसूनही टोपी काढायला लाजणारी पोरं येतात, फार वाईट वाटतं. तुम्ही लाजू नका.

औषधदुकानवाली: लग्नासाठी म्हणून घाईने मिनॉक्सिडिल (केस वाढवायचं औषध) सुरू करू नका. पहिल्या काही आठवड्यांत गळती उलट वाढू शकते, फरक दिसायला ४ महिने तरी जातात आणि थांबवलं की आलेले केसही जातात. आधी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. दोन-तीन महिन्यांपूर्वी डेंग्यू, टायफॉइड झाला होता का? तशी गळती बहुधा भरून येते, पण ती सगळ्या डोक्यावर होते. आणि हेल्मेटने टक्कल पडत नाही, ते घालाच.

नाशिककर: ताप वगैरे काही नव्हता. डॉक्टरांची वेळ घेतो. रविवारी कापतो, पण आमच्या सलूनवाल्याला नेमकं काय सांगू?

सलूनवाला, सांगली: 'बाजूला ३, कानाजवळ २, वर फक्त कैची.' मशीन हातात घ्यायच्या आधी सांगा. फोटो दाखवलात तर विरळ केसवाल्याचाच दाखवा.