ग्रुपवर पोल टाकण्यापूर्वी पदपथावरून एकदा चालून यावे

सचिव, सायंकाळी ७.१०
सोसायटीच्या सर्व सभासदांना नमस्कार. पुणे महापालिकेच्या पुढील वर्षाच्या अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामे सुचवण्याची मुदत सुरू आहे. एका कामाचा खर्च ५ लाख रुपयांच्या आत असावा, ही अट आपणांस ठाऊक आहेच. उद्यानात बाके, मागील गल्लीत पथदिवे आणि बसथांब्यापर्यंतच्या पदपथाची दुरुस्ती अशी तीन कामे समितीपुढे आली आहेत. आज रात्री ग्रुपवर पोल टाकून उद्या दुपारपर्यंत कौल घ्यावा, असा विचार आहे.

सी-५०१, सायंकाळी ७.४८
सचिवसाहेब, पोल चार दिवस पुढे ढकलावा, अशी माझी विनंती आहे. गेल्या वर्षीही आपण असाच एका रात्रीत कौल घेतला आणि बाकांना बहुमत मिळाले. मीही स्वयंपाक करता करता बाकांवर बोट टेकवले होते आणि त्याची आज मला मनापासून खंत वाटते.

या पावसाळ्यात आईला व्यायामोपचारासाठी रोज सकाळी पावणेसातच्या बसने न्यावे लागत होते. बसथांब्याकडच्या पदपथावर आपल्या फाटकापासून ड्रेनेजचे तिसरे चेंबर येते, तिथे झाकण फरशीच्या वर वीतभर आले आहे. आईच्या वॉकरचा पुढचा पाय तिथे रोज अडायचा. मग मी तिला हाताला धरून रस्त्यावर उतरवायची आणि पुढच्या विजेच्या डीपीपर्यंत आम्ही दोघी गाड्यांच्या कडेने जायचो. त्याच वेळी समोरून बसमधून उतरलेल्या बायका येत असत. आपल्याच घरांत पोळ्या आणि धुणीभांडी करणाऱ्या या बायकाही एकामागोमाग एक रस्त्यावरूनच चालत होत्या. त्या पदपथाचा सर्वाधिक वापर करणाऱ्या या बायकांपैकी, आपल्या वॉचमनदादांपैकी किंवा फाटकाजवळच्या फुलवाल्या मावशींपैकी एकही व्यक्ती या ग्रुपवर नाही. स्मार्टफोन न वापरणाऱ्या आपल्याच इमारतींतील आजी-आजोबांनाही पोलमध्ये मत देता येत नाही.

पुण्यात अंदाजपत्रकातील हा नागरिक सहभाग २००६-०७ पासून सुरू आहे. काम सुचवण्याचा हक्क प्रभागातील प्रत्येक नागरिकाला आहे, तो केवळ फ्लॅटधारकांचा नाही. गावातल्या माणसाला निदान ग्रामसभेत उभे राहून बोलता येते. शहरांसाठी २००९ मध्ये क्षेत्रसभेची, म्हणजे त्या त्या भागातील मतदारांच्या सभेची तरतूद कायद्यात आली खरी, पण ती वस्त्यांपर्यंत फारशी उतरली नाही. म्हणून हातातल्या फोनचा उपयोग मत मोजण्याच्या आधी ऐकून घेण्यासाठी व्हावा, असे मला वाटते. ज्यांना टाइप करता येत नाही, त्यांचे म्हणणे त्यांच्याच आवाजात ध्वनिमुद्रित करून इथे टाकावे, आपण सर्वांनी ते ऐकावे आणि मग पोल घ्यावा.

ए-१०३, रात्री ८.२०
ताई, तुमच्या भावनेचा मला आदर आहे, परंतु माझी शंका वेगळी आहे. मी निवृत्तीनंतर अनेक वर्षे असे अर्ज स्वतः लिहून क्षेत्रीय कार्यालयात नेऊन दिले आहेत. अर्ज कसा भरावा, हे सांगणारे पुष्कळ भेटतात; भरल्यानंतर त्याचे काय झाले, हे विचारणारे मात्र कोणी उरत नाही. काम मंजूर झाले की गळाले, गळाले तर कशामुळे, हे सुचवणाऱ्याला कळले नाही, तर तो पुढच्या वर्षी अर्ज कशाला भरेल? ॲप आले, पोल आले, तरी हा प्रश्न तिथल्या तिथेच राहतो.

सी-५०१, रात्री ८.४५
काका, तुम्ही नेमक्या जागी बोट ठेवलेत. पुण्यात हा उपक्रम सुरू झाला त्याच सुमारास, २००६ मध्ये, ब्राझीलमधील बेलो होरिझोन्ते या शहराने अंदाजपत्रकातील काही कामांसाठी इंटरनेटवरून मतदान घेतले. त्याच देशातील पोर्तो अलेग्रे शहरात १९८९ पासून लोक वस्तीवस्तीतल्या सभांना जमून खर्चाचा प्राधान्यक्रम ठरवत होते; बेलो होरिझोन्तेने त्याला संगणकाची जोड दिली. पहिल्या वेळी पावणेदोन लाखांच्या आसपास लोकांनी मत दिले, म्हणजे सभांना येणाऱ्यांच्या कितीतरी पट. पुढच्या फेऱ्यांत मात्र ही संख्या घटत गेली. निवडून आलेले काम डोळ्यांना दिसत नसेल, तर बटण कितीही सोपे केले तरी माणसे परत येत नाहीत, असा मी त्याचा अर्थ लावते. तुमचा अनुभवही तेच सांगतो.

स्पेनमधील बार्सिलोना शहराने २०१६ मध्ये ‘देसिदिम’ नावाची मुक्त, म्हणजे कोणालाही वापरता येईल अशी संगणक प्रणाली वापरायला घेतली. शहराच्या आराखड्यासाठी त्यावर दहा हजारांहून अधिक प्रस्ताव आले. मला त्यातली सर्वांत मोलाची गोष्ट ही वाटते की, प्रत्येक प्रस्तावासमोर तो स्वीकारला की नाकारला, हे कारणासह सर्वांना वाचता येते आणि समोरासमोर झालेल्या बैठकांत लोक जे बोलले, तेही तिथेच नोंदवले जाते. सभागृहात बोललेली आजी आणि घरबसल्या लिहिणारा तरुण, दोघांचे म्हणणे एकाच वहीत येते. एवढी मोठी व्यवस्था आपण उभारू शकत नाही. पण अशी एक वही आपल्या सोसायटीपुरती ठेवणे आपल्या हातात आहे.

डी-२०४, रात्री ९.०५
ताई, वहीचे काम माझ्याकडे द्यावे. मी सर्वांना उघडता येईल अशी एक ऑनलाइन तक्ता-वही आज रात्रीच तयार करतो. तिच्यात कामाचे ठिकाण, छायाचित्र, सुचवल्याची तारीख, अर्जाचा पोच क्रमांक, मिळालेले उत्तर आणि प्रत्यक्ष झालेले काम असे रकाने ठेवू. छायाचित्र काढताना फोनचे लोकेशन सुरू ठेवावे, म्हणजे चेंबर नेमके कोणते यावर वाद होणार नाही. मात्र सर्वांना दिसणाऱ्या तक्त्यात कोणाचाही फोन नंबर, पूर्ण नाव किंवा अर्जाची प्रत टाकू नये, असा माझा आग्रह राहील. ध्वनिमुद्रणही त्या व्यक्तीला विचारून, ते कुठे ऐकवले जाणार आहे हे सांगूनच करावे. मावशी मोकळेपणाने बोलल्या आणि त्यांचे बोलणे इथून दहा ग्रुपवर फिरले, तर तो त्यांच्यावर अन्याय होईल.

ए-१०३, रात्री ९.३०
हा रकान्यांचा विचार मला पटला. उत्तराचा रकाना रिकामा राहिला, तर तो भरून घेण्याची जबाबदारी मी घेतो. दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत स्थानिक स्वराज्य संस्थांच्या कार्यालयांतील अभिलेख नागरिकांना पाहता यावेत, असा शासन निर्णय २०१८ मध्ये निघालेला आहे. सोमवारी मला वेळ असतो. मी जाऊन फाइल वाचेन आणि जे दिसेल ते डी-२०४ला सांगेन. एक गोष्ट मात्र अर्जात स्पष्ट लिहावी. ‘पदपथ दुरुस्त करावा’ एवढेच लिहिल्यास काम कुठून कुठपर्यंत आहे ते कळत नाही, अंदाजित खर्च काढता येत नाही आणि अर्ज बाजूला पडतो. लांबी, रुंदी आणि वर आलेल्या झाकणांची संख्या मोजून द्यावी.

बी-३०२, रात्री ९.४१
माझे मत अजूनही पथदिव्यांच्या बाजूने आहे. शिकवणीहून मुली रात्री त्या गल्लीतून येतात. तीही पाहणी व्हावी.

सी-५०१, रात्री ९.४६
नक्कीच व्हावी, वहिनी. आपण दोघी उद्या रात्री साडेनऊला, मुली येतात त्याच वेळी, तिथे जाऊ या.

सचिव, रात्री १०.०२
सर्वांच्या सूचना विचारात घेऊन आजचा पोल रद्द करत आहे. मुदत संपण्यास अजून अवधी आहे, त्यामुळे पोल रविवारी रात्री घेऊ. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही, त्यांच्यासाठी वॉचमन केबिनमध्ये कागदी चिठ्ठ्या आणि पेटी ठेवली जाईल. कामाला येणाऱ्या ताईंनी आणि वॉचमनदादांनीही त्याच पेटीत आपले मत टाकावे. मोजणीत ते इतरांच्या मताइतकेच धरले जाईल. पदपथाच्या पाहणीसाठी रविवारी सकाळी पावणेसातला फाटकापाशी जमावे. सी-५०१च्या आजींना बरे वाटत असेल, तर त्यांनीही वॉकर घेऊन यावे. मोजमापासाठी लांब टेप कोणाकडे असल्यास कृपया इथे कळवावे.

ए-१०३, रात्री १०.०५
३० मीटरची टेप माझ्याकडे आहे. घेऊन येतो.